काम कुठवर आलंय, ते सांगा

पत्र : मी पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका महिला आमदारांचा स्वीय सहायक आहे. मतदारसंघात शंभरावर गावं आणि एक नगरपरिषद. कार्यालयात आम्ही दोघंच. फेसबुकवर रोज फोटो जातात, नऊशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, वर्षाअखेरीस ४८ पानांचा रंगीत कार्यअहवालही वाटला. तरी गावोगावी दोनच प्रश्न येतात : ‘ताई विधानसभेत करतात तरी काय?’ आणि ‘आमच्या रस्त्याचं काय झालं?’ ताईंना यापुढे दर महिन्याला लोकांपर्यंत नीट माहिती पोहोचवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : लोकांनी काय विचारलं ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, म्हणून अर्धं काम झालेलंच आहे. ते रस्त्याबद्दल विचारतायत आणि तुमच्याकडून जातोय नारळ फोडल्याचा फोटो. रोजची पोस्ट बंद केलीत तरी कुणी तक्रार करणार नाही. दोघांच्या कार्यालयाला तो रतीब झेपतही नाही. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, एका पानाचं पत्रक आणि अधिवेशन काळात रोज संध्याकाळी तीन ओळी, एवढं पुरतं. मात्र त्या पानावर प्रत्येक काम नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे हे लिहिलेलं असलं पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ ‘मंजूर’ या शब्दाने होतो. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाच्या यादीत) रस्त्याचं नाव आलं की ‘मंजूर’चा फ्लेक्स लागतो, त्या वर्षीची तरतूद बऱ्याचदा टोकन, म्हणजे नाममात्र असते, हे फ्लेक्सवर येत नाही. प्रशासकीय मान्यता (कामाला आणि त्याच्या खर्चाला होकार) मिळाली की पुन्हा ‘मंजूर’. तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रक अभियंत्यांनी तपासून दिलेला होकार), पुन्हा तेच. निविदा निघाली, पुन्हा. गावाने चार वेळा ‘मंजूर’ ऐकलेलं असतं आणि खडीचा एक डंपर पाहिलेला नसतो. पाचव्या वेळी खरोखर कार्यारंभ आदेश निघाला तरी कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा हा शब्द पत्रकातून काढूनच टाका आणि त्या जागी टप्प्याचं नाव लिहा : प्रस्ताव दिला, अंदाजपत्रक तयार, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम सुरू, काम पूर्ण, देयक अदा. दोन मान्यतांपैकी कोणती आधी आणि कोणती नंतर हे योजनेप्रमाणे बदलतं, म्हणून अंदाजाने लिहू नका. शाखा अभियंत्याला विचारून लिहा.

एका कामाची नोंद साधारण अशी दिसावी :

‘शाळा ते स्मशानभूमी रस्ता, ८५० मीटर. अंदाजपत्रक ३२ लाख रुपये. प्रशासकीय मान्यता ४ जुलै. तांत्रिक मान्यता बाकी. प्रस्ताव ११ जुलैपासून उपविभागीय अभियंता कार्यालयात. पुढची माहिती १० ऑगस्टच्या पत्रकात.’

लांबी लिहिली म्हणजे रस्ता कुठपर्यंत होणार यावरचे वाद आधीच मिटतात. रक्कम अंदाजपत्रकाची आहे की ठेक्याची, हे स्पष्ट हवं. निविदा कमी दराने गेली तर आकडा बदलतो आणि मग ‘मधले पैसे कुठे गेले?’ हा प्रश्न ताईंच्या दारात येतो. कार्यालयाचं नाव लिहा, अधिकाऱ्याचं नाही. ‘अमुक साहेबांनी अडवलं’ असं छापलंत तर पुढची दहा कामं तो माणूस नियमावर बोट ठेवून करेल, आणि बदनामीची नोटीस आलीच तर ती निराळी. शेवटची ओळ मात्र कधीही गाळू नका. पुढची तारीख दिली की फोन निम्म्याने कमी होतात. त्या तारखेला सांगण्यासारखं काही घडलेलं नसेल तर ‘जुलैपासून बदल नाही, ५ ऑगस्टला लेखी विचारणा केली, जावक क्रमांक अमुक’ असं लिहा. ‘बदल नाही’ छापायला आमदारांच्या कार्यालयांना लाज वाटते. ती वाटू देऊ नका, कारण लोकांचा भरवसा याच ओळीवर बसतो.

हे सगळं येणार कुठून? आवक-जावक नोंदीतून. एक साधी एक्सेल शीट करा : आवक क्रमांक, तारीख, गाव, विषय, कुठल्या कार्यालयाकडे, जावक क्रमांक, सध्याचा टप्पा, टप्प्याची तारीख, पुढची विचारणा कधी. नऊ रकाने बस्स. गावाचं नाव दर वेळी एकाच पद्धतीने लिहा. एकदा ‘बुद्रुक’, एकदा ‘बु.’, एकदा ‘बु॥’ लिहिलंत तर गाळणी लावल्यावर निम्म्या नोंदी गायब होतात आणि त्या गावाचं काहीच काम झालं नाही असं दिसतं. वैयक्तिक अर्ज, म्हणजे कुणाच्या आजारपणाची मदत, निराधार योजनेचं प्रकरण, घरगुती वाद, हे निराळ्या शीटमध्ये ठेवा आणि त्यातलं एकही नाव पत्रकात जाऊ देऊ नका. लाभार्थ्याचा धनादेशासह फोटो काढायची हौस तर सोडूनच द्या. आणखी एक : ताईंचं पत्र विभागाला गेलं म्हणजे काम झालं असं होत नाही. ‘पाठपुरावा केला’ लिहायचं असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयाकडे, आणि उत्तर काय आलं, हे तिन्ही लिहा. नाहीतर तो शब्द वापरू नका.

आमदार निधीबद्दल एकदा सविस्तर सांगून टाका, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. सव्वातीन लाख मतदारांचा मतदारसंघ धरला तर मतदारामागे दीडशेच्या आसपास रुपये पडतात. हा आकडा लोकांनी एकदा पाहिला की ‘आमच्या वाडीला सभामंडप द्याच’ म्हणणारेही जरा थांबतात. हा पैसा ताईंच्या हातात येत नाही. त्या कामाची शिफारस करतात, मान्यता जिल्हाधिकारी देतात, निधी काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातो. वर्षातून दोनदा गावनिहाय यादी छापा : शिफारस केलेली कामं, मान्यता मिळालेली, पूर्ण झालेली आणि नाकारलेली. नाकारलेल्याचं कारणही द्या. बहुतेक वेळा जागा खासगी मालकीची निघते किंवा तेच काम दुसऱ्या योजनेत घेतलेलं असतं. आणि हो, पत्रकाचा छपाईखर्च या निधीतून करता येत नाही.

आता ‘ताई विधानसभेत करतात काय?’ इथे तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, पण ते सरकारी भाषेत अडकून पडतं. तारांकित प्रश्नाचा साचा तुम्हाला पाठ असेल : ‘अमुक रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आणि उत्तर : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) पदभरतीची कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ हे जसंच्या तसं फोटो काढून टाकलंत तर वाचणाऱ्याला वाटतं, ताईंचा प्रश्नच उडवून लावला. प्रत्यक्षात ‘अंशतः खरे’ म्हणजे सरकारने तक्रारीचा काही भाग लेखी कबूल केला, आणि कोणता ते पुढच्या वाक्यांत सापडतं. ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे कार्यवाही चालू असल्याचं सांगितलंय, म्हणून विलंबाचं कारण द्यायला नकार. तेव्हा मूळ उत्तर खाली ठेवा आणि वर तीन ओळी तुमच्या लिहा : काय विचारलं, सरकारने काय मान्य केलं, काय सांगितलं नाही. तिसरी ओळ तुमच्या पत्रकाला कामाचं बनवते. आमदार सत्तारूढ पक्षाच्या असल्या तर ती लिहायला धीर लागतो, हे खरं. तरी लिहाच. शब्द सौम्य ठेवा, ओळ ठेवा.

कुठलं आयुध, म्हणजे सभागृहात विषय मांडायचं कुठलं साधन, वापरलं हेही नेमकं सांगा. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच मिळतात. अतारांकितला लेखीच उत्तर. लक्षवेधी सूचनेवर मंत्र्यांचं निवेदन होतं. औचित्याच्या मुद्द्यावर (एखादा विषय थोडक्यात सभागृहाच्या नजरेस आणून देण्यावर) मंत्री तिथल्या तिथे उत्तर देतीलच असं नाही, आणि नेमकं त्याचंच चलचित्र ‘सभागृह दणाणून सोडलं’ म्हणून फिरत असतं. मंत्र्यांनी सभागृहात ठोस शब्द दिला असेल तर तो तारखेसह वेगळ्या यादीत ठेवा. अशा शब्दांचा मागोवा घ्यायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तुमची यादी तिच्याकडे दाद मागायला उपयोगी पडते आणि पुढच्या अधिवेशनाचा प्रश्नही तिथूनच निघतो.

विधेयकाबाबत एक ठाम नियम पाळा. मांडलं, संमत झालं, कायदा झाला, लागू झाला, या चार निराळ्या गोष्टी आहेत. विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींनी संमत केल्यावर राज्यपालांची संमती लागते, काही विधेयकं राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली जातात, मग राजपत्रात प्रसिद्धी, आणि अंमलाची तारीख कधी कधी त्याहूनही पुढची असते. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं, आणि त्याचा कायदा झाला नाही. त्या वेळी ‘शक्ती कायदा झाला’ असे फलक लावणाऱ्यांना नंतर पोलीस ठाण्यातून परत येऊन त्या कायद्याबद्दल विचारणाऱ्या बायकांना उत्तर देता आलं नसेल. शासन निर्णयाचंही तसंच : विभाग, क्रमांक, तारीख आणि त्यावरचा संकेतांक छापा, म्हणजे कुणालाही तो शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. खोटे शासन निर्णय फिरतात तेव्हा याच आकड्याने ते उघडे पडतात.

काही गोष्टी मात्र छापायच्याच नाहीत, आणि इथे नवख्या कार्यालयांची हमखास चूक होते. प्रश्न दिला की लगेच ‘ताईंनी विधानसभेत प्रश्न विचारला’ असं टाकू नका. दिलेला आणि स्वीकृत झालेला यांत फरक आहे, आणि स्वीकृत होऊन सदस्यांना वाटला जाण्याआधी त्याचा गाजावाजा न करण्याचा संसदीय संकेत आहे. अध्यक्षांनी नाकारलेला प्रश्न छापणं तर थेट धोक्याचं. सभागृहातल्या भाषणाला घटनेच्या कलम १९४ चं संरक्षण आहे, ते बाहेरच्या पत्रकाला आपोआप लागू होत नाही. पश्चिम बंगालमधल्या एका आमदारांनी नाकारले गेलेले प्रश्न नियतकालिकात छापले, एका अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये संरक्षण नाकारलं. कामकाजातून काढून टाकलेला मजकूरही तसाच. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने तो छापला तेव्हा विशेषाधिकारभंगाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. तुमच्या बाबतीत हे भाषणाच्या चित्रफितीतून घडू शकतं. थेट प्रक्षेपणातून कापलेला तुकडा टाकण्याआधी पीठासीन अधिकाऱ्यांनी (त्या वेळी सभागृह चालवणाऱ्यांनी) त्यातलं काही कामकाजातून काढलं का, हे तपासा. समितीतलं कामकाज अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत गोपनीय. ताई समितीच्या दौऱ्यावर गेल्या एवढं सांगा, आत काय बोलणं झालं ते नको.

पोहोचवायचं कसं? नऊशे जणांच्या ग्रुपपासूनच सुरुवात करू. ग्रुपची मर्यादा १०२४ आहे, म्हणजे तो भरत आलाय. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. बायका अशा ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतात आणि तुम्हाला वाटतं त्यांना रस नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये नंबर दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलेला नाही त्याला संदेश पोहोचतच नाही. त्यापेक्षा चॅनेल उघडा : अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, संख्येचं बंधन नाही. तिथे लोकांना सहज उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून प्रत्येक पत्रकाखाली कार्यालयाचा वेगळा नंबर आणि फोन घेण्याची वेळ द्या. जुना ग्रुप कार्यकर्त्यांपुरता ठेवा.

पत्रक चित्र म्हणून पाठवणार असाल तर अंक क्रमांक आणि तारीख चित्राच्या आतच, वरच्या कोपऱ्यात मोठी लिहा. पुढे ढकललेल्या चित्राला तारीख उरत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीची पाणी टंचाईची सूचना ऐन पावसाळ्यात फिरताना तुम्ही पाहिलीच असेल. चित्रासोबत तोच मजकूर टाइप करूनही पाठवा. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन टाइप केलेला मजकूर वाचून दाखवतो, चित्राचा भरवसा नाही. टाइप युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत) करा. छापखान्यातला गडी श्रीलिपीत (छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप करून देईल, कागदावर ते सुरेखच दिसेल, आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा भुगा होईल.

एसएमएस अजूनही कामाचा आहे, कारण साध्या फोनवर तो एकच पोहोचतो. पण मराठी संदेश ७० अक्षरांचा. त्याहून लांब गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. इथे काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं : ‘प्रशासकीय मान्यता’ या दोन शब्दांनीच १७ जागा जातात. घाऊक संदेशांसाठी दूरसंचार कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत पाठवणाऱ्याची, शीर्षकाची (संदेशावर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते; साच्याबाहेर शब्द गेला किंवा न नोंदवलेली लिंक टाकली की संदेश अडतो. म्हणून अधिवेशनाच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा ‘ताईंची गावभेट’, ‘शिबिराची तारीख’, ‘पत्रक आलं आहे’ असे तीन-चार साचे आत्ताच नोंदवून ठेवा. नंबर मात्र स्वतः दिलेल्या लोकांचेच वापरा. शिबिराच्या अर्जावर ‘माहितीचे संदेश हवेत का’ असा वेगळा चौकोन ठेवा. कुठूनतरी आलेली नंबरांची यादी वापरणं वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अडचणीचं ठरू शकतं.

कागद सोडू नका. ए-थ्री आकाराचं एक पान, अक्षर लांबून वाचता येईल एवढं, ग्रामपंचायतीचा फलक, रेशन दुकान, एसटी थांबा आणि दवाखाना इथे लावा. ताईंचा फोटो एकच, लहान. गावागावाचं पान वेगळं काढा : वर सगळ्यांसाठीची माहिती, खाली फक्त त्या गावाची कामं. एक्सेल शीट नीट असेल तर हे मेलमर्जने (शीटमधल्या नोंदी पानाच्या साच्यात आपोआप भरून) होतं. ४८ पानी अहवाल लोक वाचत नाहीत कारण त्यात आपलं गाव सापडत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना पान ताजं असेल असं पाहा. प्रश्न तिथेच निघतात.

छापील पत्रकाबाबत एक कायदेशीर बाब. ठराविक काळाने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवर भाष्य असलेलं छापील प्रकाशन १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक नोंदणी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. मासिक पत्रकाला नाव, अंक, वर्ष असं रूप देणार असाल तर वकिलाला दाखवून आधी नोंदणीचं बघा. प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव-पत्ता तसाही खाली छापा. निवडणुकीशी संबंधित पत्रकावर तर तो सक्तीचा आहे. कुठल्याही निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या दिवशीच नवीन कामांच्या घोषणा, भूमिपूजनाची निमंत्रणं आणि सरकारी खर्चाने होणारी प्रसिद्धी थांबवा. नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतही ती लागते, हे हमखास विसरलं जातं. पत्रकाचं काय करायचं ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

वेळापत्रक अधिवेशनावरून लावा. अर्थसंकल्पीय अधिवेशन मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी मुंबईत जून-जुलैच्या आसपास, हिवाळी नागपूरला डिसेंबरात. तारांकित प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, म्हणून ‘कोणते विषय मांडायचे, कळवा’ हे आवाहन दोन महिने आधी गेलं तरच अर्थ आहे. हिवाळीसाठी ते ऑक्टोबरच्या पत्रकात हवं. ज्यांचे विषय आले त्यांना प्रत्येकी कळवा : घेतला, कुठल्या आयुधाने दिला, की हा विषय राज्य विधिमंडळाच्या अखत्यारीत येत नाही, रेल्वेचा आहे, खासदारांकडे पाठवला. अधिवेशन संपल्यावर पंधरा दिवसांत दोन पानी अहवाल काढा. उशीर झाला तर लोकांच्या लेखी तो शिळा होतो.

पहिल्या महिन्यात पत्रक काढूच नका. शीट भरा, प्रत्येक कार्यालयाकडून टप्पा लेखी किंवा फोनवर पक्का करा, आणि पाच गावांची पानं काढून त्या गावांतल्या पाच-सहा जणांना वाचायला द्या. त्यात एक तरी माणूस ताईंना मत न देणारा असू द्या. चुका तोच शोधून देईल. एखादी चूक छापून गेलीच तर पुढच्या अंकात पहिल्या ओळीत दुरुस्ती द्या, मागचा अंक क्रमांक लिहून, आणि चॅनेलवरची जुनी पोस्ट काढून टाकण्याऐवजी तिच्या खाली ती दुरुस्ती जोडा.